डायनोसॉरची आत्या

पिंपळे गुरवमध्ये कुणाला राजमाता जिजाऊ उद्यानाचा पत्ता विचारला, तर तो क्षणभर घुटमळतो. 'डायनोसॉर गार्डन' म्हटलं की लगेच हात उचलून रस्ता दाखवतो. उद्यानातल्या अजस्र पुतळ्यांनी पाटीवरच्या नावाला केव्हाच मागे टाकलं आहे.

एका रविवारी संध्याकाळी तिथे माझ्या शेजारच्या बाकावर एक आजी आणि तिचा पाच-सहा वर्षांचा नातू बसले होते. आजी शेंगा सोलत होती. नातवाची नजर पुतळ्याच्या जबड्यात अडकलेली. "आजी, ह्याचं नाव डायनोसॉर कुणी ठेवलं गं?" आजीने मान वरसुद्धा केली नाही. म्हणाली, "कुणी म्हणजे? त्याच्या आत्याने."

मला हसू आलं. पण घरी पोचेपर्यंत ते उत्तर डोक्यातून जाईना. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. ती नाव कुठून आणते? तिच्या ओळखीच्या, आवडीच्या जगातून. बाळ पुढे काळं निघेल की गोरं, शांत निघेल की द्वाड, याचा तिला पत्ता नसतो. ती त्या दिवशी जे दिसलं, सुचलं, ते कानात सांगते आणि बाळ ते नाव जन्मभर वागवतं. शास्त्रातल्या शब्दांचं याहून फारसं वेगळं नाही. प्रत्येक शब्दाला एक आत्या असते. ती ज्या घरातली, त्या घरची भाषा शब्दाला चिकटते. आणि त्या दिवशी तिची काही चूक झाली असेल, तर तीही चिकटते.

सरडा नसलेला सरडा

डायनोसॉरची आत्या म्हणजे रिचर्ड ओवेन हा इंग्रज शरीरशास्त्रज्ञ. त्याच्या आधीच इंग्लंडच्या खडकांतून तीन प्रचंड प्राण्यांची हाडं निघाली होती. १८२४ साली विल्यम बकलंडने मेगालोसॉरसचं वर्णन केलं, १८२५ साली गिडियन मँटेलने इग्वानोडॉनचं आणि पुढे हायलिओसॉरसचंही. तिघांची नावं वेगळी, हाडं वेगळी. ओवेनच्या लक्षात आलं की तिघांच्याही कमरेतले मणके एकमेकांत सांधले गेले आहेत आणि पाय सरड्यासारखे बाजूला फाकलेले नसून खांबासारखे सरळ खाली आले आहेत. म्हणजे ही तिन्ही एकाच घरातली लेकरं. १८४१ साली प्लिमथच्या विज्ञानसभेत त्याने या प्राण्यांविषयी व्याख्यान दिलं आणि १८४२ साली छापील अहवालात त्या घराण्याचं नाव जाहीर झालं: डायनोसॉरिया.

ग्रीकमध्ये 'देइनोस' म्हणजे भयंकर, आणि 'सॉरोस' म्हणजे सरडा. ओवेनच्या मनातला 'भयंकर' हा दात विचकणारा नव्हता. पाहताच धाक बसावा इतकं अवाढव्य, असा त्याचा अर्थ होता. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या 'भीम' या शब्दाचा मूळ अर्थ 'ज्याची भीती वाटावी असा'. पण भीमकाय म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे भीती येत नाही, आकार येतो. आपल्याकडे कोशकारांनी डायनोसॉरला 'भीमसरट' असा प्रतिशब्द दिला, तो इतका चपखल बसतो याचं कारण हेच. ग्रीक आणि संस्कृत या दोन्ही भाषांनी भीतीपासून आकाराकडे एकाच वाटेने प्रवास केला.

शब्दाचा पहिला भाग असा नेमका, दुसऱ्या भागाने मात्र घोळ केला. डायनोसॉर सरडे नव्हतेच. सरड्यांची शाखा वेगळी, यांची वेगळी. आज जिवंत असलेल्यांत डायनोसॉरचे खरे वारस म्हणजे पक्षी. उद्यानाबाहेरच्या चिकन सेंटरच्या पिंजऱ्यात माना वेळावत उभी असलेली कोंबडी ही त्या पुतळ्याची भाऊबंद आहे. भिंतीवरची पाल नाही. पण हे पक्कं कळेपर्यंत नाव कानात सांगून झालं होतं.

या घराण्यातलं एक नाव महाराष्ट्रातही ठेवावं लागलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळ डोंगरगाव आहे. तिथल्या टेकडीतून १९८४ ते १९८६ या काळात एका लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा काढण्यात आला. हे काम करणारे संशोधक कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनोसॉरचं काय काम, असं वाटेल; पण त्या संस्थेचा भूविज्ञान विभाग नावाजलेला आहे. १९९७ साली या प्राण्याला टायटनोसॉरसच्या घरात जागा दिली गेली. २००३ साली अभ्यासकांनी त्याचं बिऱ्हाड वेगळं थाटलं आणि संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव ठेवलं इसिसॉरस. नावात इजिप्तची इसिस देवी नाही, ग्रीसचा कुणी वीर नाही. आहे ती कोलकात्याची एक संस्था. काम घरच्यांनी केलं की नाव घरचं येतं, याचा हा पहिला दाखला. दुसरा तर डायनोसॉर गार्डनपासून थोड्याच अंतरावर आहे. पण त्याआधी थोडं भटकून येऊ.

गावाच्या नावातलं झाड

भटकंतीची सुरुवात गावाच्याच नावापासून करू. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख. तिघांचं आडनाव आधी आणि नाव नंतर, असा प्रकार. पिंपळे म्हणजे कूळ, आणि गुरव, सौदागर, निलख ही त्या कुळातली तीन वेगळी माणसं. कार्ल लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली झाडांना नावं देताना हीच पद्धत वापरली: आधी कुळाचं नाव, मग त्यातल्या एकाचं. त्याला नदीकाठची ही गावं ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ज्याला पुष्कळ गोष्टी एकमेकींत न मिसळता लक्षात ठेवायच्या असतात, तो याच युक्तीशी येऊन पोचतो.

गंमत अशी की लिनियसने त्याच वर्षी पिंपळालाही नाव दिलं: फायकस रिलिजिओसा. लॅटिनमध्ये फायकस म्हणजे अंजीर. तेव्हा शास्त्राच्या दप्तरात आपला पिंपळ 'धार्मिक अंजीर' म्हणून नोंदलेला आहे. लिनियसच्या डोळ्यांसमोर अंजीर होतं, पिंपळाविषयी त्याला जे कळलं होतं त्यात पूजा होती. त्याने दोन्ही जोडून टाकलं. अंजीर हा शब्द आपल्याला फारसीने दिला. आणि शेजारच्या गावातला सौदागरही फारसीच. 'सौदा' म्हणजे व्यापार आणि 'गर' म्हणजे करणारा. जादूगरातला जो गर, तोच हा. म्हणजे पिंपळे सौदागर या दोन शब्दांत एक झाड संस्कृतातलं आणि एक व्यापारी इराणचा. एवढं नाव बसच्या पाटीवर वाचूनही बराच इतिहास होतो.

या झाडाचा शब्द व्यापाऱ्याबरोबर प्रत्यक्षात प्रवासालाही गेला. संस्कृतात 'पिप्पल' म्हणजे पिंपळ आणि त्याचं फळ; त्याच घरातली 'पिप्पली' म्हणजे आपली लेंडी पिंपळी, खोकल्याच्या चाटणातली. या पिंपळीचा व्यापार पश्चिमेकडे सुरू झाला तसा शब्दही निघाला. जुन्या फारसीत तो 'पिलपिल' झाला, आजच्या फारसीत 'फिलफिल'. ग्रीकांनी 'पेपेरी' केलं, रोमनांनी 'पिपेर'. पुढे फ्रेंचांनी त्याला इतकं घोटलं की 'प्वाव्र' उरलं आणि इंग्रजांनी 'पेपर' केलं. वाटेत मालही बदलला. शब्द निघाला लेंडी पिंपळीसाठी, पोचला काळ्या मिरीवर. नंतर अमेरिकेहून मिरची आली तेव्हा इंग्रजीने तोच शब्द तिच्याही अंगावर घातला. आज इंग्रजीत ढोबळी मिरचीलाही पेपर म्हणतात. पिंपळ, पिंपळी, मिरी, मिरची: यांतल्या पिंपळी आणि मिरी तेवढ्या एका कुळातल्या, पिंपळाचा आणि मिरचीचा वनस्पतिशास्त्रात त्यांच्याशी किंवा एकमेकांशी काही संबंध नाही, पण नाव मात्र वारशाने चालत राहिलं.

१८१९ साली डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चियन ओर्स्टेडने मिरीतला तिखट पदार्थ वेगळा काढला. विजेने होकायंत्राची सुई हलते हे पुढच्याच वर्षी दाखवणारा ओर्स्टेड तो हाच. त्याने पदार्थाला नाव दिलं पायपरीन. त्या शब्दातला 'पिप' म्हणजे आपल्या पिंपळीचा 'पिप्प'. ओर्स्टेडला ते कळलं होतं की नाही, हा प्रश्न अलाहिदा.

चार आत्या आणि एक चूक

आता भोसरीच्या एखाद्या कारखान्याच्या शेडमध्ये डोकावू. एका कोपऱ्यात काळ्या अंगाचं ऑक्सिजनचं सिलिंडर साखळीने बांधून उभं केलेलं असतं. त्याच्यावर गॅस कटिंग चालतं. दुसऱ्या टोकाला लोखंडावरचा गंज काढायला ॲसिडची टाकी. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड, नाकात चटकन झोंबणारं. या दोन कोपऱ्यांमध्ये रसायनशास्त्रातली सर्वांत प्रसिद्ध चूक उभी आहे, आणि ती फ्रेंच आहे.

१७८७ साली पॅरिसमध्ये चार रसायनशास्त्रज्ञांनी मिळून एक पुस्तक काढलं: गितों द मोर्वो, लाव्वाझिए, बर्तोले आणि फुर्क्रवा. बारसं एकाच घरातलं आणि आत्या चार. त्याआधी रसायनांची नावं म्हणजे ज्याला जे सुचेल ते असायची. कुठे ग्रहाचं नाव, कुठे गावाचं, कुठे शोधणाऱ्याचं. या चौघांनी नियम घातला की नाव ऐकून पदार्थ कशाचा बनला आहे ते कळलं पाहिजे. सल्फेट, सल्फाइट, नायट्रेट यांतले शेवटचे प्रत्यय तेव्हापासून ठरले. दहावीच्या मुलाला जी नावं घोकावी लागतात ती मुळात घोकावी लागू नयेत म्हणून केलेली आहेत, यावर त्याचा विश्वास बसणं कठीण.

याच खटपटीत 'ऑक्सिजेन' पक्कं झालं. ग्रीकमध्ये 'ऑक्सिस' म्हणजे आंबट, तिखट, धारदार. आणि 'जेन' म्हणजे जन्म देणारा. हा 'जेन' आणि आपल्या 'जन्म', 'जनक' यांतला 'जन' एकाच मुळातून फुटलेले आहेत. आम्लाला जन्म देणारा, असा शब्दाचा अर्थ. लाव्वाझिएची खात्री होती की प्रत्येक आम्लात हा वायू असतोच. १८१० साली हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं की क्लोरीन हे मूलद्रव्य आहे आणि त्याच्यापासून होणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नावालाही नाही. शेडमधल्या टाकीतलं आम्ल ते हेच: हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्या जोडीचं. सगळ्या आम्लांना जन्म देणारा म्हणून ज्याचं नाव गाजलं, त्याचा या आम्लाच्या जन्माशी संबंध नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण तोवर नाव जगभर गेलं होतं. लाव्वाझिए स्वतः १७९४ सालीच गिलोटिनखाली गेला होता.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बंगालीत ऑक्सिजनला 'अम्लजान' असा शब्द घडवला गेला. फ्रेंच शब्दाचं ते प्रामाणिक भाषांतर. म्हणून फ्रेंच चूकही त्यात प्रामाणिकपणे उतरली. मराठीने 'प्राणवायू' हा शब्द घेतला. तो शब्द योगशास्त्रात आधीपासून वेगळ्या अर्थाने होता, तरी चूक मात्र टळली. कारण मराठीने फ्रेंच शब्दाकडे न पाहता वायू काय करतो त्याकडे पाहिलं. शब्दाचं भाषांतर आणि वस्तूचं नाव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या एका जोडीवरून जितकं स्पष्ट होतं तितकं लांबलचक चर्चेनेही होत नाही.

त्याच शेडमध्ये आणखी एक फ्रेंच माणूस रोज हाताळला जातो. लेथवर जॉब तयार झाला की ऑपरेटर म्हणतो, "वर्निअर लाव." प्येर वर्निए हा फ्रेंच गणिती, त्याने १६३१ साली आपली मोजपट्टी छापून प्रसिद्ध केली. मोठ्या पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरच्या जागेत सरकत्या पट्टीवर ५० भाग पाडलेले असतात. त्यामुळे सरकत्या पट्टीचा प्रत्येक भाग मिलिमीटरपेक्षा ०.०२ ने तोकडा पडतो, आणि दोन्ही पट्ट्यांवरची कोणती रेघ नेमकी समोरासमोर येते ते पाहून डोळ्याला न दिसणारा फरक वाचता येतो. युक्ती इतकीच, पण ज्याने ती केली त्याचं नाव साधनाला मिळालं. पुढचा शब्द कॅलिपर. तो 'कॅलिबर'चा भाऊ. फ्रेंच 'कालिब्र' आला अरबी 'कालिब' म्हणजे साच्यावरून, आणि त्याचा माग ग्रीक चांभाराच्या लाकडी पायापर्यंत लागतो. जोडा ज्यावर बेततात त्या लाकडी पायापासून इंजिनाच्या पार्टचं माप घेणाऱ्या साधनापर्यंत, शब्दाने काम बदललं पण धंदा तोच ठेवला: बरोबर बसतं की नाही ते पाहणं.

मीटर हेही फ्रेंच राज्यक्रांतीचं अपत्य. ग्रीक 'मेट्रॉन' म्हणजे माप. आपल्या 'मात्रा', 'मान', 'माप' यांच्याच मुळातलं. १७९५ च्या फ्रेंच कायद्याने ठरवलं की मोठ्या मापांना ग्रीक उपसर्ग लावायचे, म्हणून किलो. आणि छोट्यांना लॅटिन, म्हणून मिली. मायक्रॉन हा शब्द तर १९६७ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने अधिकृत यादीतून काढून टाकला. त्याच्या जागी मायक्रोमीटर आला. पण 'मायक्रोमीटर' नावाचं हत्यार शेडमध्ये आधीच होतं. एकच शब्द हत्यारालाही आणि त्याने मोजायच्या मापालाही कसा वापरायचा? म्हणून चाकणपासून भोसरीपर्यंत सगळे अजून "पाच मायक्रॉन जास्त झालं" असंच म्हणतात. परिषदेचा ठराव शेडच्या दारातून आत आला नाही.

सोन्याची जर, पोथीचा हरताळ

फारसीचं आणि मराठीचं नातं वेगळं आहे. इंग्रजी आणि फ्रेंच शब्द आपल्याकडे पुस्तकातून, यंत्रातून आले. फारसी शब्द राज्यकारभारातून, बाजारातून आणि बैठकीतून आले आणि घरचे झाले. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. त्यात दहा वर्ग पाडून कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत. ही नावं ठेवण्यामागे राजकीय जाण होती: ज्याचा कारभार, त्याने नाव ठेवायचं. पण 'हवा', 'जमीन', 'दुर्बीण' हे शब्द आज कुणाला परके वाटत नाहीत. राजाच्या हुद्द्यांची नावं हुकमाने बदलतात. जमिनीचं नाव बदलायला हुकूम पुरत नाही.

दुर्बीण घ्या. फारसीत 'दूर' म्हणजे दूरच, आपल्या शब्दाचा सख्खा भाऊ. आणि 'बीन' म्हणजे पाहणारी. १६११ साली रोममध्ये गॅलिलिओच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीत डेमिसियानी नावाच्या ग्रीक विद्वानाने 'टेलिस्कोप' हा शब्द सुचवला. 'टेले' म्हणजे दूर, 'स्कोपेइन' म्हणजे न्याहाळणं. फारसी आणि ग्रीक या दोघांनी साधन काय करतं ते पाहिलं आणि दोघांचं उत्तर एकच आलं. फ्रेंचांनी मात्र भिंगाच्या दुर्बिणीला 'ल्युनेत' म्हटलं. ल्युनेत म्हणजे छोटा चंद्र. त्यांनी साधनाचं काम न पाहता त्याच्या काचेचा गोल आकार पाहिला. चंद्र पाहायच्या यंत्रालाच चंद्र म्हणून टाकलं, आणि तो योगायोग फारच गोड आहे.

आजच्या फारसीत भूगर्भशास्त्राला 'जमीनशनासी' म्हणतात, हवामानशास्त्राला 'हवाशनासी', खगोलशास्त्राला 'सितारेशनासी'. तेहरानच्या विद्यापीठातली ही नावं मराठी माणसाला न शिकवता समजतात. 'शनास' म्हणजे जाणणारा. हा 'शनास', संस्कृतातला 'ज्ञ', इंग्रजीतला 'नो' आणि फ्रेंचमधला 'कोनेत्र' हे चारही एकाच मुळाचे. इंग्रजी 'नो' लिहिताना पुढे जो मुका 'के' काढावा लागतो, तो म्हणजे 'ज्ञ'मधल्या 'ज'चाच मागे राहिलेला ठसा. शाळेत या 'के'वरून कान पिळले गेले असतील त्यांनी आता त्याला माफ करायला हरकत नाही.

फारसी, फ्रेंच आणि इंग्रजी या तिघींच्या हाताखालून गेलेला एक शब्द तर घरोघरच्या बातम्यांत येतो: आर्सेनिक. फारसीत सोन्याला 'जर' म्हणतात. आपल्या पैठणीच्या जरीकाठातली जर तीच. सोन्यासारख्या पिवळ्या खनिजाला इराणात 'जरनीख' म्हणत. हा शब्द पश्चिमेला जाताना ग्रीकांच्या कानाला त्यांच्या 'पुरुषी' या अर्थाच्या शब्दासारखा वाटला आणि त्यांनी 'आर्सेनिकॉन' केलं. फ्रेंचांकडून तो इंग्रजीत आला. सोन्याचा रंग वाटेत गळून गेला आणि उगाच एक मिशीवाला अर्थ चिकटला.

हे पिवळं खनिज आपल्याकडेही होतंच. त्याचं नाव हरताळ. 'हरित' म्हणजे पिवळसर हिरवा, त्यावरून. पोथी लिहिताना लेखनिकाचं अक्षर चुकलं की तो हरताळाचा लेप त्यावर फासायचा. पिवळट कागदात चूक दडून जायची आणि वर पुन्हा लिहिता यायचं. 'शब्दाला हरताळ फासला' हा आपला वाक्प्रचार त्या बैठकीतून आला. बंद पाळण्याचा हरताळ निराळा, तो हाटाला ताळं लावण्यातला. एकाच खनिजात इराण्याला सोनं दिसलं, मराठी लेखनिकाला चूक झाकण्याची सोय दिसली आणि ग्रीकाला ऐकूच नीट आलं नाही. तीन आत्या, तीन घरं.

पिंपरीने ठेवलेलं नाव

आता परत फिरू. डायनोसॉर गार्डनहून पिंपरीकडे निघालं की हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा परिसर लागतो. इथले लोक त्याला नुसतं एच. ए. म्हणतात. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने भारत सरकारने हा कारखाना उभा केला, तो मुख्यतः पेनिसिलिनसाठी.

पेनिसिलिन हा शब्दही आत्याच्या घरचाच. लॅटिनमध्ये 'पेनिसिलस' म्हणजे बारीक कुंचला. सूक्ष्मदर्शकाखाली एका बुरशीच्या टोकाला कुंचल्यासारख्या झुबक्यात बीजाणू दिसले, म्हणून हाइनरिश लिंक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०९ साली तिला पेनिसिलियम म्हटलं. १९२९ साली अलेक्झांडर फ्लेमिंगने तिच्यातल्या जंतुनाशक रसाला पेनिसिलिन नाव देऊन टाकलं. याच लॅटिन कुंचल्याचा जुन्या फ्रेंचमध्ये 'पेंसेल' झाला आणि इंग्रजीत 'पेन्सिल'. म्हणजे कंपासपेटीतली पेन्सिल आणि इंजेक्शनची कुपी या चुलतबहिणी. पेन मात्र त्यांच्यातलं नाही. ते 'पेन्ना' म्हणजे पिसापासून आलं. कंपासपेटीत शेजारी राहतात, एवढंच.

एच. ए.मध्ये नुसतं उत्पादन होत नव्हतं. तिथल्या संशोधन विभागात बुरशीशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतल्या सूक्ष्मजीवांत नवी औषधं शोधत होते. १९६० च्या सुमारास त्यांना बुरशीजन्य रोगांवर चालणारा एक पदार्थ मिळाला. तो देणारा जिवाणू स्ट्रेप्टोमायसिस या कुळातला. 'स्ट्रेप्टोस' म्हणजे पीळ घातलेला, 'मायकेस' म्हणजे बुरशी. कुळाचं नाव ग्रीक, बाहेरचं, आधीच ठरलेलं. पण लिनियसच्या पद्धतीत दुसरा शब्द शोधणाऱ्याने द्यायचा असतो. त्यांनी लिहिलं: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गुरव, सौदागर, निलख यांच्यासारखंच, कुळापुढे गावाची खूण. आणि औषधाचं नाव ठेवलं हॅमायसिन; त्यातला 'हॅ' म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स.

याच जिवाणूपासून आणखी एक पदार्थ वेगळा काढला गेला. १९६३ साली त्याची रेणुरचना आणि ती प्रयोगशाळेत घडवण्याची रीत एका नामांकित रसायन-नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याचं नाव पिंप्रिनीन. शेवटचा 'ईन' हा मॉर्फीन, क्विनीन, कॅफीन यांच्या पंगतीतला. आधीचा 'पिंप्रि' पवनाकाठचा. आज पिंप्रिनीन हे एका पदार्थाचं नाव राहिलेलं नाही, त्याच्या धर्तीच्या रेणूंचं एक घराणं झालं आहे. चीनमध्ये, युरोपात रसायनशास्त्रज्ञ त्या घराण्यातले नवनवे रेणू तयार करतात आणि बुरशीवर, विषाणूवर वापरून पाहतात.

शास्त्रीय मराठीविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावांना नावं ठेवतो. शब्द इंग्रजी आहे, अवघड आहे, जिभेवर चढत नाही. प्रतिशब्द घडवण्याचं काम गरजेचं आहेच, आणि 'प्राणवायू'सारखा शब्द पाहिला की ते किती चांगलं होऊ शकतं हेही कळतं. पण प्रतिशब्द म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या बारशाला जाऊन बाळाला लाडाचं नाव देणं. कानात सांगायचं नाव पाळण्याजवळ जी उभी असते तीच सांगते. १९६० च्या आसपास पिंपरीच्या एका प्रयोगशाळेत ती उभी होती. तिला मराठीचा अभिमान म्हणून काही वेगळं करावं लागलं नाही. तिने कामाच्या ठिकाणाचं नाव घेतलं, इतकंच.

पिंपरी हेही पिंपळाच्याच गोतातल्या एका झाडाचं नाव. म्हणजे जे झाड व्यापाऱ्याबरोबर इराणमार्गे निघालं आणि 'पिलपिल', 'पेपेरी', 'प्वाव्र', 'पेपर' होता होता ओळखू येईनासं झालं, त्याच्याच गोतातलं दुसरं झाड दोन हजारांहून अधिक वर्षांनी पुन्हा बाहेर पडलं. या वेळी कुपीवरच्या चिठ्ठीवर, नीट स्पेलिंग लिहून. दूरच्या देशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत कुणी मुलगी आज ती चिठ्ठी वाचत असेल. 'पिंप्रिनीन' म्हणताना ती कदाचित पहिल्या अक्षरावर अडखळेल आणि हे कुणी ठेवलं म्हणून वैतागेलही. तिच्या शेजारी ती शेंगा सोलणारी आजी असती, तर तिने मान वर न करता सांगितलं असतं.